सात की हात?

अंबरनाथ म्हटले की पुष्कळांना शिवाचे जुने देऊळ आठवते. त्या देवळात इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. हे देऊळ रेल्वे स्टेशनाच्या पूर्वेला आहे. पश्चिमेला उतरले की दुसरेच अंबरनाथ दिसते. तिकडे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. मोरिवली आणि चिखलोलीच्या बाजूला औद्योगिक वसाहत आहे. तेथे लहानमोठे कितीतरी कारखाने आहेत. कोठे पत्रा कापतात, कोठे लोखंड घासतात, कोठे डबे ठोकतात. सकाळची लोकल आली की आसपासच्या गावांची माणसे भराभर उतरतात आणि कामाला लागतात.

ही माणसे डोळ्यांत कचरा जाऊ नये म्हणून चष्मा लावतात. पायावर लोखंड पडू नये म्हणून बूट घालतात. मग कानांचे काय? आज आपण कानांविषयी वाचू.

वर्गातली चूक

आमच्या रात्रीच्या वर्गात एक गृहस्थ येत. वय पंचेचाळीसच्या पुढे. बदलापूरकडच्या एका खेड्यातले. अंबरनाथ पश्चिमेच्या एका लहान कारखान्यात ते वीस वर्षे पत्र्याच्या प्रेसवर काम करीत होते. आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू. माणूस मोठा जिद्दीचा. एवढे दमूनभागून यायचे, पण वर्ग चुकवायचे नाहीत. अक्षरे लवकर शिकले. पुस्तक समोर धरले की अडखळत का होईना, पण बरोबर वाचायचे.

शुद्धलेखनात मात्र त्यांच्या फार चुका होत. आम्ही सांगावे ‘सात’, त्यांनी लिहावे ‘हात’. आम्ही सांगावे ‘शेत’, त्यांनी लिहावे ‘येत’. ‘फोड’ म्हटले तर ‘ओढ’. वर्गातली तरुण मंडळी हसत. दादा खाली मान घालीत.

आम्हांला वाटले, यांचे लक्ष नाही. एकदा आम्ही जरा रागानेच बोललो, “दादा, नीट ऐका की!”

दादा म्हणाले, “गुरुजी, ऐकतोय तर खरं. पण तुमचं बोलणं तोंडातच राहतं. आवाज येतो, शब्द येत नाही.”

त्या दिवसापासून आम्ही बारकाईने पाहू लागलो. फळ्याकडे तोंड करून शब्द सांगितला की दादा चुकत. त्यांच्याकडे तोंड करून सांगितला की पुष्कळदा बरोबर लिहीत. म्हणजे दादा आमचे ओठ पाहून शब्द ओळखत होते. चूक बुद्धीची नव्हती. चूक लक्षाचीही नव्हती. दादांना ऐकूच कमी येत होते.

घरी विचारले तर वहिनी म्हणाल्या, “अहो, टीव्ही केवढ्यानं लावतात! शेजारी ओरडतात. मी हाक मारली तर ओ देत नाहीत. मला वाटलं, मुद्दामच करतात. त्यावरनं भांडणंसुद्धा झाली.”

दादा म्हणाले, “आणि रात्री झोपायला गेलो की कानात रातकिडे ओरडतात. भर उन्हाळ्यात रातकिडे! बायकोला ऐकू येत नाहीत, मला येतात.”

सरकारी दवाखान्यात कानांची तपासणी झाली. डॉक्टरांनी एक आलेख काढून दाखवला. जाड, खोल आवाज दादांना बरे ऐकू येत होते. बारीक, चिरके आवाज जवळजवळ गेले होते. स, श, फ, ख या अक्षरांत तसाच बारीक आवाज असतो. म्हणून ‘सात’ मधला स हरवत होता आणि दादा अंदाजाने ‘हात’ लिहीत होते. पाखरांची किलबिल त्यांनी कित्येक वर्षे ऐकली नव्हती. ती ऐकू येईनाशी झाली हेसुद्धा त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

“औषध काय?” दादांनी विचारले.

डॉक्टर म्हणाले, “गेलेले परत आणणारे औषध नाही. ऐकण्याच्या यंत्राने थोडी मदत होईल. उरले आहे ते मात्र राखता येईल.”

कानात काय असते

आवाज ही हवेची थरथर असते. ती कानाच्या भोकातून आत जाते आणि पडद्यावर आपटते. पडद्यामागे तीन बारकी हाडे आहेत. ती थरथर पुढे ढकलतात. त्याच्याही आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वळणाची नळी आहे. त्या नळीत फार बारीक केसांच्या पेशी असतात. एका कानात त्या सुमारे १५,००० असतात. आवाजाने हे केस हलतात, आणि मग मेंदूला निरोप जातो, की अमुक आवाज आला.

आता भाताच्या शेताचे उदाहरण घ्या. शेतातून एक माणूस एकदा चालत गेला, तर रोपे वाकतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहतात. पण दहा माणसे रोज त्याच वाटेने गेली तर काय होईल? रोपे मरतील. तेथे पायवाट पडेल. कानातल्या केसांचे तसेच आहे. लग्नात एक दिवस बँड ऐकला तर कान थोडा वेळ दडतो आणि मग मोकळा होतो. प्रेसचा दणका रोज आठ तास बसला तर तेथे पायवाट पडते. शेतात दुसऱ्या वर्षी नवे रोप लावता येते. कानात नवा केस उगवत नाही.

यात दुखत नाही, रक्त येत नाही. म्हणून माणूस फसतो. तो म्हणतो, “पहिल्यांदा त्रास व्हायचा. आता सवय झाली.” ही सवय नव्हे. कान कमी ऐकू लागला, म्हणून आवाज कमी वाटतो.

हे दुखणे जुने आहे. इटली देशात रामाझिनी नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. त्यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक पुस्तक लिहिले. व्हेनिस शहरातले तांबट दिवसभर तांबे ठोकतात, त्यामुळे त्यांचे कान बिघडतात आणि म्हातारपणी ते बहिरे होतात, असे त्यांनी त्यात नोंदले. आपल्या पुण्यातही कसबा पेठेत तांबट आळी आहे. हातोडा इकडचा असो की तिकडचा, कान सगळीकडे सारखाच.

आवाज किती, वेळ किती

दूध आपण लिटरने मोजतो, धान्य किलोने मोजतो. आवाज डेसिबलने मोजतात. कुजबुज सुमारे ३० डेसिबल असते. साधे बोलणे सुमारे ६० असते. प्रेस, घासण्याचा ग्राइंडर, यंत्रमाग यांच्याजवळ आवाज ९० च्या वर आणि कधी १०० पर्यंतही जातो.

डेसिबलचा हिशेब जरा निराळा आहे. ३ डेसिबल वाढले की आवाजाचा जोर दुप्पट होतो. म्हणून उघड्या कानाने ऐकण्याचा वेळ निम्मा करावा लागतो. तो हिशेब असा:

८५ डेसिबल: दिवसाला ८ तास.
८८ डेसिबल: ४ तास.
९१ डेसिबल: २ तास.
९४ डेसिबल: १ तास.
९७ डेसिबल: अर्धा तास.
१०० डेसिबल: पाव तास.

आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० ही हद्द धरत आले आहेत. पण ९० ने सुद्धा काही जणांचे कान जातात. म्हणून पुष्कळ जाणकार ८५ ची हद्द धरतात. आपणही ८५ च धरावी.

मोजायचे यंत्र जवळ नसले तर एक सोपी खूण आहे. एक हात अंतरावर माणूस उभा आहे, आणि त्याला ऐकू जावे म्हणून तुम्हांला ओरडावे लागते, तर तो आवाज कानाला धोक्याचा समजा. मोबाइलवर आवाज मोजण्याचे ॲप मिळते. त्याचा आकडा अंदाजापुरता घ्यावा.

गावच्या माणसांनीही हे ध्यानात ठेवावे. भातगिरणी, मळणीयंत्र, लाकूड कापायची करवत, वरातीतला डीजे, हे आवाजही कान खातात.

कारखान्यात काय पाहिले

दादांचे मालक भला माणूस. त्यांची परवानगी घेऊन आम्ही कारखाना पाहायला गेलो. कामगारांच्या आरोग्याचे काम जाणणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आमच्याबरोबर होत्या. त्यांनी आवाज मोजायचे यंत्र आणले होते. दादांच्या प्रेसजवळ काटा ९७ वर गेला. आता वरची यादी पुन्हा पाहा. ९७ ला उघड्या कानाने अर्धा तास. दादा वीस वर्षे आठ आठ तास तेथे उभे होते.

आम्ही मालकांना विचारले, “कानाला लावायला काही देत नाही का?”

मालकांनी खण उघडला. आत फोमच्या बुचांची पिशवी होती. इअर प्लग म्हणतात ते हेच. पिशवी जवळजवळ भरलेलीच होती.

मालक म्हणाले, “आणून ठेवलेत हो. पण कोणी घालतच नाही.”

मग आम्ही कामगारांना विचारले.

एक म्हणाला, “हात तेलानं काळे असतात. फोमचं बूच आधी बोटांत वळून बारीक करावं लागतं. तेवढ्यात ते काळं होतं. तेच कानात घालायचं?”

दुसरा म्हणाला, “माझ्या कानात राहत नाही. जेवेपर्यंत दोनदा खाली पडतं.”

तिसरा म्हणाला, “मला खाज सुटते.”

एका तरुणाच्या गळ्यात दोरीचे बूच होते. ताईत लोंबावा तसे लोंबत होते. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, “बाळा, हे गळ्याचं रक्षण करतंय. कानाचं नाही.”

आम्हांला वाटले होते की मालक देत नसतील, किंवा कामगार ऐकत नसतील. तसे नव्हते. एकाच मापाचे, एकाच जातीचे बूच सगळ्यांना दिले होते. ते या कामाला आणि या कानांना जुळत नव्हते. सर्वांना एकाच मापाची चप्पल दिली तर कोण घालील?

कोणकोणती साधने मिळतात

फोमचे बूच: मऊ असते. बोटांत वळून कानात घातले की फुगून बसते. नीट बसवले तर आवाज चांगला अडवते. पण ते स्वच्छ हातांनीच वळावे लागते, आणि मळले की टाकून द्यावे लागते.

धुऊन पुन्हा वापरायचे बूच: रबराचे किंवा सिलिकॉनचे असते. त्याला दोन-तीन गोल कडा असतात, एकावर एक, पुढे लहान आणि मागे मोठी. मागे देठ असतो. वळावे लागत नाही. देठाला धरायचे आणि सरळ आत सारायचे. बोट कानात जाणाऱ्या भागाला लागत नाही. ज्यांचे हात तेलकट असतात त्यांना हे बरे पडते. धुऊन ते पुष्कळ दिवस वापरता येते.

पट्टीचे बूच: दोन बुचे एका वाकड्या पट्टीला जोडलेली असतात. घालणे-काढणे सोपे असते. थोडा थोडा वेळ आवाजात जाणाऱ्याला सोयीचे. पण आवाज जरा कमी अडवतात.

इअर मफ: कानांवर बसणाऱ्या दोन वाट्या. घालायला सोप्या. उन्हाळ्यात घाम फार येतो. चष्म्याच्या काडीने फट पडते आणि आवाज आत शिरतो.

आणि कापूस? पुष्कळ जण कानात कापसाचा बोळा घालतात. त्याने आवाज जवळजवळ अडत नाही. कान झाकल्यासारखा वाटतो एवढेच. कापसावर विसंबू नका.

बूच कसे निवडावे

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या गोष्टी आम्ही लिहून घेतल्या. त्या अशा:

पहिली गोष्ट, माप. जशी बोटे निरनिराळी तसे कान निरनिराळे. कोणाच्या कानाचे भोक रुंद, कोणाचे अरुंद. बायकांचे बहुधा लहान असते. एकाच माणसाचे डावे-उजवे कानही सारखे नसतात. कडांचे बूच लहान, मध्यम आणि मोठ्या मापात मिळते. एकेक घालून पाहावे. डाव्याला मध्यम आणि उजव्याला लहान लागले, तर तसे घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरी गोष्ट, आकडा. डबीवर एक आकडा असतो. हे बूच इतके डेसिबल आवाज अडवते, असा त्याचा अर्थ. पण तो आकडा प्रयोगशाळेतला आहे. तेथे शिकलेला माणूस शांतपणे बूच बसवतो. कारखान्यात घाई, घाम आणि बोलणे असते. म्हणून तो आकडा पुरता धरू नये. निम्मा धरावा. काही जाणकार निम्म्याहूनही कमी धरतात.

उदाहरण पाहा. कारखान्यात आवाज ९४ आहे. डबीवर २४ लिहिले आहे. २४ चे निम्मे १२. ९४ मधून १२ गेले, उरले ८२. हे ८५ च्या खाली आहे. बूच चालेल.

आता दुसरे उदाहरण. आवाज १०३ आहे. १०३ मधून १२ गेले, उरले ९१. हे चालणार नाही. अशा जागी बूच घालून वर इअर मफ लावावा. पण दोन्ही लावले म्हणून दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही. मोठ्या आकड्याच्या साधनापेक्षा सुमारे ५ डेसिबलच जास्त अडतात. म्हणून तेथे काम करण्याचा वेळही कमी करावा लागतो.

तिसरी गोष्ट, फार अडवणारेही नको. मोठ्यात मोठा आकडा घ्यावा असे वाटते. ते बरोबर नाही. ८६ डेसिबलच्या जागी फारच अडवणारे बूच घातले, तर क्रेनची घंटा, ट्रकचा भोंगा, साथीदाराची हाक ऐकू येणार नाही. कान वाचवता वाचवता जीव जायचा. बूच घातल्यावर कानात ७५ ते ८० डेसिबल पोचावेत, हे चांगले.

चौथी गोष्ट, दोरी. दोरीचे बूच हरवत नाही. ते खाली घाणीत पडत नाही. पण फिरत्या यंत्राजवळ दोरी धोक्याची आहे. लेथ किंवा ड्रिल यांत दोरी अडकू शकते. तेथे बिनदोरीचे घ्यावे, किंवा दोरी शर्टाच्या आत घ्यावी. खाण्याच्या वस्तूंच्या कारखान्यात रंगीत आणि दोरीचे घ्यावे. म्हणजे मालात पडले तर दिसते.

पाचवी गोष्ट, सोसवेल असे. जे टोचते, ते माणूस काढून ठेवतो. आणि काढले की सगळे फुकट जाते. कसे ते ऐका. ९७ डेसिबलच्या जागी उघड्या कानाला अर्धा तास मिळतो, हे आपण वाचले. कोणी साडेसात तास बूच घातले आणि गप्पा मारायला, फोन घ्यायला मिळून अर्धा तास तेथेच काढून ठेवले. त्याच्या कानाचा दिवसभराचा वाटा त्या अर्ध्या तासात संपला! म्हणून बाई म्हणाल्या, “सगळ्यांत चांगलं बूच कोणतं? जे तुमच्या कानात बसतं आणि सुट्टी होईपर्यंत कानातच राहतं.” बोलायचे झाले तर आधी आवाजापासून लांब जावे, मग बूच काढावे.

कसे बसवावे

उजव्या कानात घालायचे असेल तर डावा हात डोक्यावरून न्यावा. उजव्या कानाची वरची पाळी धरून हळूच वर आणि मागे ओढावी. त्याने कानाचे भोक सरळ होते. मग उजव्या हाताने देठ धरावा आणि थोडे फिरवत बूच आत सारावे. कडा नीट टेकल्या पाहिजेत. डाव्या कानाला हात उलटे.

बूच आवाजाच्या आत शिरण्याआधी घालावे, शिरल्यावर नव्हे.

नीट बसले की नाही ते कसे ओळखावे? यंत्र चालू असताना दोन्ही तळहात कानांवर घट्ट ठेवा आणि काढा. आवाजात फारसा फरक पडला नाही तर बूच नीट बसले आहे. हात ठेवल्यावर आवाज पुष्कळ कमी झाला तर फट आहे. पुन्हा बसवा. आणखी एक खूण आहे. बूच नीट बसले की आपलेच बोलणे रांजणात बोलल्यासारखे घुमते. बोलताना, जेवताना जबडा हलतो आणि बूच सैल होते. म्हणून मधून मधून पाहत जावे.

काढताना झटका देऊ नये. पडद्यावर ओढ बसते. देठ धरून हळूहळू फिरवत काढावे.

कानातून पू येत असेल, कान ठणकत असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बूच घालू नये. मळ काढायला कानात काडी, पिन किंवा किल्ली घालू नये.

कसे जपावे

रोज घरी गेल्यावर कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने बूच धुवावे. कडांच्या खाचांत मळ बसतो, तो काढावा. रॉकेलने किंवा थिनरने धुऊ नये. त्याने रबर बिघडते आणि कानाची कातडी भाजते. फडक्याने पुसून सावलीत वाळवावे आणि डबीत ठेवावे. ओले बूच कानात घातले तर खाज येते, कान बिघडतो.

आठवड्यातून एकदा उजेडात धरून पाहावे. कड फाटली, बूच कडक झाले, आकसले किंवा वाकडे झाले तर फेकून नवे घ्यावे. फाटके बूच म्हणजे फुटकी छत्री.

आपले बूच दुसऱ्याला देऊ नये आणि दुसऱ्याचे घेऊ नये. दात घासायचा ब्रश आपण कोणाला देतो का?

कायदा काय म्हणतो

मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणा हा धंद्याने होणारा आजार आहे, हे आपल्या कायद्याने मानले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातील आजारांच्या यादीत तो होता. २०२० साली कामाच्या जागेची सुरक्षितता आणि आरोग्य यांसाठी नवी संहिता झाली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या यादीतही तो आहे. कामगाराच्या सुरक्षिततेसाठी दिलेल्या वस्तूंचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत, असेही तिच्यात सांगितले आहे. कामगार विमा योजनेच्या म्हणजे ई.एस.आय.च्या जुन्या कायद्यातही हा आजार धंद्याचा मानला होता.

एक गोष्ट मात्र विसरू नये. बूच ही शेवटची वाट आहे. पहिली वाट यंत्राचा आवाज कमी करण्याची. ढिले नट आवळावेत, तेल द्यावे, यंत्राखाली रबर घालावे, फार आवाजाचे यंत्र भिंत घालून वेगळे करावे. हे मालकाने करायचे असते. छप्पर गळत असेल तर आधी कौल बदलावे. तोवर छत्री धरावी.

पुढे काय झाले

दादांच्या मालकांनी तीन मापांची रबरी बुचे आणली. डॉक्टरीणबाईंनी एकेकाला माप पाहून दिले. ज्याला खाज येत होती त्याला सिलिकॉनचे दिले. ज्याचे गळून पडत होते त्याला मोठे माप लागले. ज्या तरुणाने गळ्यात ताईत केला होता, त्याच्या दोन कानांना दोन मापे लागली. त्या यंत्रांच्या पायांखाली जाड रबरही घातले. वर्षातून एकदा सगळ्यांचे कान तपासायचे ठरले. तपासणी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, काम सुरू होण्याआधी करायची. म्हणजे दडलेला कान मोकळा झालेला असतो आणि खरे काय ते कळते.

दादांचे गेलेले ऐकणे परत आले नाही. कानातले रातकिडे अजून ओरडतात. पण उरले आहे ते त्यांनी राखले आहे. घरी वहिनी आता पाठीमागून हाक मारीत नाहीत. समोर येऊन बोलतात. भांडणे थांबली. वर्गात आम्हीही एक नेम केला आहे. शुद्धलेखन सांगताना फळ्याकडे तोंड करायचे नाही. आता दादा ‘सात’ ला ‘सात’ च लिहितात.

गेल्या दिवाळीनंतर दादांचा मुलगा त्याच कारखान्यात ग्राइंडरवर लागला. पहिल्या दिवशी दादांनी दारातच त्याला थांबवले. त्याच्या कानाची पाळी वर ओढली आणि स्वतःच्या हाताने बूच बसवले. मुलगा म्हणाला, “बाबा, मी काय लहान आहे?” दादा म्हणाले, “मला माझ्या वेळी कोणी सांगितलं नाही रे.”

त्या दाराशेजारी एक पाटी आहे. ती छापलेली नाही. खडूने लिहिलेली आहे. अक्षरे थोडी वाकडी आहेत, पण एकही चूक नाही. पाटीवर लिहिले आहे: ‘कानात बूच घालूनच आत या. गेलेला कान परत येत नाही.’ पाटी दादांनी लिहिली आहे. खडू पुसट झाला की ते पुन्हा गिरवतात.

ध्यानात ठेवा

१. एक हात अंतरावर ओरडून बोलावे लागले तर आवाज धोक्याचा आहे.
२. कापसाच्या बोळ्याने कान वाचत नाही.
३. दोन्ही कानांचे माप वेगवेगळे पाहा.
४. डबीवरचा आकडा निम्माच धरा.
५. आवाजात असेपर्यंत बूच काढू नका.
६. रोज धुवा, वाळवा, डबीत ठेवा. फाटले की बदला.
७. ‘सवय झाली’ म्हणू नका. कान तपासून घ्या.

प्रश्न

१. दादा ‘सात’ ऐवजी ‘हात’ का लिहीत होते?
२. भातशेतातल्या पायवाटेचे उदाहरण कशासाठी दिले आहे?
३. कारखान्यात आवाज ९५ आहे. डबीवर २६ लिहिले आहे. कानात किती आवाज पोचेल? बूच चालेल का?
४. लेथवर काम करणाऱ्याने दोरीचे बूच का घालू नये?
५. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी गोंगाटात काम करतो का? त्याच्या पाठीमागे उभे राहून साध्या आवाजात ‘सात, शेत, फोड’ म्हणा. त्याने काय ऐकले ते त्याला विचारा. चुकत असेल तर हसू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या.